जालन्याच्या पोटातली निळी रेघ

जालन्याला फिरायला कुणी जात नाही. लोक तिथे बियाणं घ्यायला जातात, सळया घ्यायला जातात, सोयरीक जमवायला जातात आणि उरलेले जालन्यावरून पुढे जातात. मी गेल्या वर्षात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझा बराचसा मुक्काम विहिरींत होता. त्यामुळे या वर्णनात लेणी, किल्ले आणि सूर्यास्त मिळणार नाहीत. सूर्यास्त रोज होत असणार, पण विहिरीच्या तळाशी तो भर दुपारीच उरकतो.

विहिरीत का, ते आधी सांगायला हवं. माझा धंदा दगडांतल्या भेगांचा आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी भेगांची मॉडेलं करते. सासूबाईंची अजून समजूत आहे की मी भेगा बुजवते, आणि त्यांनी बाथरूमची एक भिंत माझ्यासाठी राखून ठेवली आहे. खरा प्रकार असा: जमिनीत फार खोल गेलं की खडक तापलेला असतो. एका भोकातून गार पाणी खाली सोडायचं, ते भेगाभेगांतून फिरत तापतं आणि दुसऱ्या भोकातून वाफाळत वर येतं. त्यावर वीज करायची. कल्पना एवढी सोपी आहे की उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा कळते. घोडं अडतं ते एकाच जागी. खालच्या भेगा एकमेकींना जोडलेल्या हव्यात, आणि त्या आहेत कशा हे कुणी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्याचं चित्र काढायचा मला पगार मिळतो.

"पण जालनाच का?" असं मी आमच्या सरांना विचारलं होतं. सर म्हणजे कंपनीचे प्रमुख. सदा उत्साही माणूस.

"कारण तिथे हे काम अजून कुणीच केलेलं नाही!" सर म्हणाले.

कुणीच का केलेलं नाही, हा पुढचा प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

जुना जालना

जानेवारीत सकाळी उतरले तेव्हा थंडी होती. जुन्या जालन्याच्या गल्लीत धान्याची पोती रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती, उरलेल्या अर्ध्यात कापड दुकानदारांनी आपले पुतळे उभे केले होते, आणि शिल्लक जागेतून दोन्ही बाजूंच्या रिक्षा एकाच वेळी जात होत्या. पुण्यात अशा वेळी आधी भांडण होतं आणि मग वाहतूक सुरू होते. इथे वाहतूक चालू ठेवूनच भांडतात, त्यामुळे वेळ वाचतो.

रफिकभाई जीप घेऊन आले होते. पुढचे सगळे दिवस माझा जीव त्यांच्या हातात असणार होता, म्हणून मी त्यांना कामाची नीट कल्पना दिली. जमिनीखालची उष्णता, भेगा, वीज, सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी म्याडम, वरची गरमी कमी पडून राह्यली का, म्हणून खालची काढायला आल्या?"

मी हसले. मे महिन्यात परत गेले तेव्हा कळलं की ते विनोद करत नव्हते.

गाव सोडलं की दोन्हीकडे सपाट काळी जमीन. तूर, कापसाच्या पऱ्हाट्या, हुरड्याला आलेली ज्वारी, मध्येच मोसंबीची गर्द हिरवी बाग. डोळ्यांना फार छान. पण मला हवा होता खडक, आणि तो औषधालाही दिसेना. पाठ्यपुस्तकातला भूगर्भशास्त्रज्ञ हातोडी घेऊन कड्यापाशी उभा असतो. जालन्यात असा फोटो काढायचा तर कडा बाहेरून मागवावा लागेल. इथे खडक बघायला एकच खिडकी आहे, ती म्हणजे विहीर. मातीचा थर संपला की खाली उघडा काळा कातळ, आणि त्यात माझ्या भेगा. तेव्हा गावोगाव जायचं, विहिरीत उतरायचं, भेगांची लांबी, दिशा आणि एकमेकींतलं अंतर मोजायचं, आणि त्यावरून कितीतरी किलोमीटर खालच्या भेगांचा अंदाज बांधायचा, असा बेत ठरला होता. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला माहीत आहे. आम्ही झाकणावरून करणार होतो.

वाटूरच्या अलीकडे

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, वाटूर फाट्याच्या अलीकडे आहे एवढं पुरे. तिथे आसाराम आणि कौसाबाई या नवरा-बायकोची विहीर मला पहिल्या दिवशी मिळाली. दोघं पन्नाशी ओलांडलेली. आसारामभाऊंचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने भटकायचे. भाऊंनी भटकणं सोडलं, दोन एकरांत मोसंबी लावली आणि आठवणीपुरती थोडी मेंढरं ठेवली. बागेला नऊ वर्षं झाली होती. मोसंबीला माणसासारखं दोन दिवस उपाशी ठेवता येत नाही, हे मला कौसाबाईंनी ओळख झाल्या झाल्या सांगितलं. विहिरीला पाणी होतं तोवर बाग होती, एवढा साधा त्यांचा हिशेब.

विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले होते.

"साती आसरा हायेत, पान्याच्या देवी," कौसाबाई म्हणाल्या. "त्यायला इचारल्याशिवाय उतरायचं न्हाई, ताई."

त्यांनी मला हळद-कुंकू वाहायला लावलं, नारळ फोडायला लावला. आमच्याकडे अशा वेळी विमा कंपनीचा कागद भरून घेतात आणि हेल्मेट देतात. मी दोन्हीकडून सुरक्षित होऊन खाली निघाले.

उतरायला गाळ उपसायची यारी होती. म्हणजे काठावर इंजिन, त्याला लोखंडी दोर आणि दोराला गाळाची मोठी बादली. त्या बादलीत मी, माझी टेप, होकायंत्र आणि खडू. अर्ध्या वाटेत यारी थांबली. मला वाटलं बिघाड. वरून आवाज येत होता त्यावरून कळलं की यारीवाल्याला भाच्याच्या सोयरिकीचा फोन आला आहे. मुलगी बारावी होती, मुलाकडच्यांना डी.एड. हवी होती. मी हवेत लोंबकळत, गोल फिरत, ती सगळी बोलणी ऐकली. तेवढ्यात काठावर बरीच माणसं जमली होती आणि प्रत्येक जण खाली वाकून एकच विचारत होता:

"लागलं का?"

"काय लागलं?"

"पानी!"

"मी पाणी बघत नाहीये. मी भेगा मोजतेय."

मग एक अनुभवी आवाज आला, "मोजू द्या, मोजू द्या. आधी सांगत नसतेत."

पुढचे आठ-दहा दिवस, जितक्या विहिरींत उतरले तितक्या वेळा हे झालं. मी घसा फोडून सांगितलं की मी पाणाडी नाही. नारळ तळहातावर ठेवून पाणी सांगणारा माणूस लोकांनी पाहिला होता, बाभळीची काडी घेऊन फिरणारा पाहिला होता. लॅपटॉपवाली बाई ही त्याच घराण्यातली नवी शाखा, असं सगळ्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. उपसरपंच भगवानराव रोज येऊन काठावर बसायचे. पांढरे कपडे, मोठा आवाज आणि काठावर बसूनही खुर्चीत बसल्यासारखा रुबाब.

"म्याडम, आम्हाला फक्त रिपोर्ट द्या," ते म्हणायचे. "बाकी आमी बघून घेऊ."

मीही, सौजन्य म्हणून, हो म्हटलं.

शेवटच्या दिवशी कौसाबाईंनी हुरडा भाजला. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरावर कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत लसणाची चटणी आणि दही. त्यावर घरच्या मोसंबीचा ग्लासभर रस. पुण्यात आम्ही हुरडा पार्टीला जातो तेव्हा आधी बुकिंग करतो, तिथे झोपाळा असतो, बैलगाडी असते आणि फेटा बांधून मिळतो. इथे फेटा आसारामभाऊंच्या डोक्यावर होता आणि तो त्यांनी फोटोसाठी बांधलेला नव्हता.

पुणे, मधले महिने

प्रवासवर्णनात घरी परतल्यावरचं लिहीत नाहीत, पण माझ्या प्रवासातला सगळ्यात घातक टप्पा पुण्यात झाला, त्याला इलाज नाही.

मोजलेल्या भेगा मी संगणकात भरल्या. इथे धंद्यातलं एक गुपित सांगते. न दिसणाऱ्या भेगा नेमक्या कुठे आहेत हे संगणकाला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की त्या साधारण किती लांब, कोणत्या दिशेच्या आणि किती दाट असाव्यात. मग तो त्या मापात बसणाऱ्या भेगा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या इकडेतिकडे टाकतो. बटण दाबलं की एक जालना तयार होतो. पुन्हा दाबलं की दुसरा. दोन्ही सारखेच खरे आणि सारखेच खोटे. असे शेकडो जालने करायचे आणि सगळ्यांत मिळून काय दिसतं ते बघायचं, ही शास्त्रशुद्ध रीत. ती मला मान्य आहे, नव्या मुलांना मी तीच शिकवते.

सरांना शेकडो जालन्यांत रस नव्हता. त्यांना प्रेझेंटेशनसाठी एक हवा होता. मी बटण दाबत गेले, ते मागे उभं राहून बघत गेले. एखाद्या जालन्याला ते "हा जरा गिचमिड वाटतो" म्हणायचे, एखाद्याला "यात दम नाही". शेवटी साडी पसंत पडावी तसा एक जालना त्यांना पसंत पडला. मग भेगांना रंग देऊ म्हणाले. लाल रंग लोकांना घाबरवतो, म्हणून निळा दिला. मागे काय, नुसता काळा पडदा बरा दिसत नाही, म्हणून उपग्रहाचा फोटो घातला. त्यात गावं दिसत होती, रस्ते दिसत होते, आणि जरा मोठं केलं तर बांधही दिसत होते.

"सुंदर!" सर म्हणाले.

चित्र खरंच सुंदर होतं. मीही माझ्या बहिणीला पाठवलं. सरांनी ते गुंतवणूकदारांना पाठवलं आणि, लोकसहभाग म्हणून, भगवानरावांनाही पाठवलं.

वाटूर फाटा

मे महिन्यात मला परत पाठवलं ते ग्रामसभेसाठी. गावाच्या गायरानात चाचणीचं एक खोल भोक पाडायचं होतं आणि त्याला गावाचा ठराव हवा होता. रफिकभाईंच्या जीपच्या दाराला हात लावला तर चटका बसला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, जानेवारीतलं वाक्य पुन्हा म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

फाट्यावर जीप थांबली आणि समोर माझं मॉडेल लटकत होतं.

भलामोठा फ्लेक्स. वर नेत्यांचे फोटो, त्याखाली भगवानरावांचा त्यांच्यापेक्षा मोठा फोटो, डाव्या-उजव्या अंगाला हात जोडलेले शुभेच्छुक, त्यातले दोघे गॉगल लावून. आणि मधोमध निळ्या रेघा. मथळा होता, "आपल्या गावाच्या पोटातील जलसंपत्ती". माझ्या कामाचा एवढ्या मोठ्या आकारात कधी गौरव झाला नव्हता.

"सगळे इथं येऊन आपलं वावर हुडकून राह्यले," रफिकभाई म्हणाले. "निळं म्हंजी पानीच की, म्याडम."

निळा रंग का निवडला, हे मला त्या उन्हात उभं राहून त्यांना सांगवेना.

आसारामभाऊंच्या शेतावर पोचले. विहिरीच्या तळाला डबकं उरलं होतं, मोटर तासाला दहा मिनिटं चालत होती. बागेतली पानं वळली होती. भाऊ मात्र कमालीचे खुशीत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, चित्र मोठं केलं आणि बोट ठेवलं.

"हे बघा म्याडम. आमच्या वावरातून बराबर चालली हाय रेघ. कडंला लिंबाचं झाड हाय ना, त्याच्या बगलंतून. परवा मिशन येऊन राह्यली. बिलकुल ह्याच रेघंवर खोदायचं."

"बोअर घेताय?"

"मंग? तुम्हीच तर दावून दिलं."

कौसाबाई ताटं घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि तळलेली मिरची. मी भाकरी आमटीत नुसती कुस्करत राहिले. त्या शांतपणे सांगू लागल्या आणि चित्र स्पष्ट झालं. हाताशी होते ते पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते: एकतर बोअर, नाहीतर पावसापर्यंत टँकरचं पाणी, आणि तेही जेमतेम अर्ध्या बागेला. बोअरला लागलं तर सगळी बाग वाचणार. कोरडं गेलं तर टँकरही नाही आणि बागही नाही. नऊ वर्षांची झाडं माझ्या एका बटणावर उभी होती.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"हे बघ, तू गोंधळ नको घालूस," सर म्हणाले. "आज लोक आपल्यावर विश्वास ठेवतायत. ठराव होऊ दे. मग आपण एक कार्यशाळा घेऊ, अनिश्चितता या विषयावर."

"सर, मशीन परवा येतंय."

"मग कार्यशाळा जूनमध्ये घेऊ."

ग्रामसभा

सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. कूलर एकच होता आणि त्याच्यासमोर भगवानराव बसले होते. माझी ओळख त्यांनी "पाण्याच्या शास्त्रज्ञ" अशी करून दिली. टाळ्या झाल्या. मी लॅपटॉप उघडला, पडद्यावर ते चित्र लावलं आणि म्हटलं, "हे खरं नाही."

कुणाला काही वाटलं नाही. पडद्यावर दिसणारं खरं नसतं याची लोकांना सवय असावी.

म्हणून मी बोलणं थांबवलं आणि बटण दाबलं. निळ्या रेघा पुसल्या गेल्या, दुसऱ्या उमटल्या. आसारामभाऊंच्या लिंबाजवळची रेघ गेली आणि ओढ्यापलीकडे निघाली. पुन्हा दाबलं. आता ती शाळेच्या मैदानातून गेली. पुन्हा दाबलं.

"पाहिलंत? संगणकाला ठाऊक नाही. तो चिठ्ठ्या टाकतोय. भेगा खाली असतील, पण नेमक्या कुठे, ते यात नाही. आणि हे सगळं उष्णतेसाठी आहे, पाण्यासाठी नाहीच."

मला वाटलं, पोचलं एकदाचं. तेवढ्यात आसारामभाऊ उठले. त्यांचा आवाज अगदी आर्जवी होता.

"मंग आमच्या वावरात येईस्तोवर दाबा ना, म्याडम."

आणि मग जे सुरू झालं ते मी कोणत्याही परिषदेत पाहिलेलं नाही. अख्खी सभा लॅपटॉपभोवती आली. "आमच्याकडं बी येऊ द्या!" "त्यायच्याकडं दोनदा गेली, आता आमची पाळी!" एक म्हातारे म्हणत होते की ओढ्याकाठच्या लोकांना आधीच पाणी आहे, त्यांच्या रेघा काढून इकडे द्या. कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवून स्वतःच बटण दाबलं. रेघ भगवानरावांच्या उसातून आडवी गेली.

"थांबा!" भगवानराव कूलरसमोरून ओरडले. "हितंच थांबा! कुणी हात लावायचा न्हाई!"

त्यांनी फोटो काढून घेतला. लोक चिडले, पुन्हा दाबा म्हणू लागले. मी लॅपटॉप छातीशी धरून मागे सरकले. खरं सांगते, मला रडू येत होतं आणि हसूही.

त्या गलक्यात कौसाबाई माझ्याजवळ आल्या. इतका वेळ त्या दाराशी बायकांत बसून होत्या.

"ताई, एक सांगा. वावर तुमचं असतं, अन् बाग बी तुमची असती, तर ह्या रेघंवर खोदलं असतं का?"

मला तिथे शास्त्रीय उत्तर देता आलं असतं. शक्यता, मर्यादा, अधिक अभ्यासाची गरज. असली उत्तरं देतच मी इथवर आले आहे.

"नसतं खोदलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि घरी गेल्या. ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. गायरानातलं भोक कशासाठी आहे हे कुणी विचारलं नाही.

मशीन

मशीन आलं. कौसाबाईंनी बोअर रद्द करायला लावलं होतं, त्यामुळे ते आसारामभाऊंच्या बांधावरून पुढे गेलं आणि भगवानरावांच्या उसात उभं राहिलं. अख्खं गाव तिथे. मीही गेले, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. दुपारभर खडकाचा करडा धुरळा उडत राहिला, माणसं, गाड्या, बाभळी सगळी एका रंगाची झाली. मी मनात म्हणत होते की कोरडंच जावं. दुसऱ्याचं वाईट चिंतायची ही माझी पहिली वेळ नसेल, पण इतक्या मनापासून कधी चिंतलं नव्हतं.

आणि पाणी लागलं.

धुरळ्याचा चिखल झाला, मग गढूळ पाणी उसळलं. गुलाल उधळला गेला. भगवानरावांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला. मी हारासकट उभी होते आणि समोर आसारामभाऊ होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घराकडे चालू लागले. तो हार मी जीपमध्ये बसल्याबरोबर काढला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यांच्या शेतावर गेले. टँकर येऊन गेला होता. विहिरीजवळच्या अर्ध्या बागेच्या आळ्यांत पाणी होतं, आणि उरलेल्या अर्ध्या बागेचं कुंपण कौसाबाई उघडत होत्या. भाऊ घराच्या आत पाठ करून बसले होते. त्यांना ते बघवत नव्हतं. कौसाबाईंनी हाळी दिली आणि मेंढरं आत शिरली. नऊ वर्षं ज्या बागेजवळ त्यांना फिरकू दिलं नव्हतं, तिथली पानं ती मागच्या पायांवर उभी राहून ओरबाडू लागली.

"वाळून जान्यापरीस यांच्या पोटात गेलेलं बरं," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसले आणि मला विचारलं, "च्या घेनार का?"

मी चहा घेतला.

पुन्हा पुणे

सरांनी माझं स्वागत पेढ्यांनी केलं. भगवानरावांचं बोअर त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये आधीच गेलं होतं. मथळा, "मॉडेलची प्रत्यक्ष क्षेत्रात सिद्धता". मी सांगितलं की ते पाणी उथळ होतं, आपल्या भेगांशी त्याचा संबंध नाही, आणि ती रेघ कुणाच्या तरी बोटाखाली चुकून आली होती. सरांनी ते ऐकून एक तळटीप घालायचं कबूल केलं.

मग ते मूळ मुद्द्यावर आले. गायरानात मोठं मशीन न्यायला रस्ता नव्हता. भोक महामार्गालगत पाडणं सोयीचं होतं, पण आमच्या चित्रात तिथे भेगा नव्हत्या.

"असं कर," सर म्हणाले, "रस्त्याजवळ भेगांचा चांगला छेद येईपर्यंत मॉडेल चालवत राहा."

आसारामभाऊंनी हे उभं राहून, हात जोडून म्हटलं होतं. सर खुर्चीत बसून म्हणाले, एवढाच फरक. मी लॅपटॉप मिटला आणि कौसाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला.

"सर, वावर तुमचं असतं आणि बाग तुमची असती, तर या रेघेवर खोदलं असतं का?"

सर माणूस वाईट नाही. त्यांनी खरोखर विचार केला.

"पण मला शेतच नाहीये," ते म्हणाले.

पाऊस सुरू झाल्यावर एके दुपारी कौसाबाईंचा फोन आला. अर्धी बाग तगली होती, नवी पालवी फुटत होती. मेंढरांनी खाल्लेल्या अर्ध्यात तूर पेरली होती. मी भीतभीत भगवानरावांच्या बोअरचं विचारलं.

"चालून राह्यलं थोडं थोडं."

"मावशी, माझा राग आला का हो?"

"राग कायचा? तुम्हाला म्हाईत नव्हतं, तुम्ही म्हाईत न्हाई म्हनल्या. भगवानरावाला बी म्हाईत नव्हतं, त्याचं लागलं." पलीकडे मेंढरं ओरडत होती, त्यांना हाकलून त्या पुन्हा फोनवर आल्या. "ताई, तुमच्या मिशनीत आमच्या वावरातली ती रेघ हाय का अजून?"

"आहे ना."

"मंग आता बटन दाबू नका. हाय तिथं राहू द्या."